नवं मशीन आणलं तरी तेच रखडणं: कॉन्फिगरेशन लिहिण्याआधी कुठे अडतंय ते शोधा

"ताई, परत तसंच व्हायला लागलंय."

नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसमधून हा फोन मला दीड वर्षात तिसऱ्यांदा आला. पहिल्या वेळी त्यांनी डीलरच्या सांगण्यावरून सगळ्या मशीनची रॅम वाढवली होती. दुसऱ्या वेळी दोन नवी वर्कस्टेशन घेतली होती. तिसऱ्या वेळी नव्या सर्व्हरचं क्वोटेशन टेबलावर होतं, आणि सही करायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा, असं मॅडमचं म्हणणं होतं.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान ऑफिसांची मशीन मी बरीच वर्षं बघते. वागळे इस्टेटमधली डिझाइनची युनिटं, महापे-तुर्भ्याकडची इंजिनिअरिंगची ऑफिसं, पाचपाखाडीतले सीए. तक्रार फिरून फिरून हीच येते. पैसे खर्च झालेले असतात आणि दुखणं जागच्या जागी असतं. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहिते. ज्यांना असाच त्रास आहे त्यांना आपल्या ऑफिसात बसून यातली बरीचशी तपासणी स्वतः करता येईल.

रखडणं, अडकणं आणि बंद पडणं

त्या दिवशी मी आधी मशीनला हात लावला नाही. प्रत्येकाच्या शेजारी दहा-दहा मिनिटं बसले आणि नेमकं काय होतं ते विचारलं. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, "मशीन स्लो आहे." खोदून विचारल्यावर तीन वेगळी दुखणी बाहेर आली.

थ्रीडी करणाऱ्या मुलाचं नवं वर्कस्टेशन संध्याकाळी रेंडरला (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करायला) लावलं की मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा चालू व्हायचं. रोज नाही, आठवड्यातून एखाद-दोनदा. ड्राफ्ट्समनची तक्रार अशी की मोठं ड्रॉइंग फिरवताना, झूम करताना चित्र माउसच्या मागे रखडत येतं, आणि हे दिवसभर चालू असतं. तिसरी गोष्ट सगळ्यांचीच होती. दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान फाइल सेव्ह केली की खिडकी पांढरी पडते आणि मिनिट-दोन मिनिटं काहीच हलत नाही.

तिन्हींना "स्लो" म्हटलं की औषधही एकच सुचतं: अजून मोठं मशीन घ्या. ही तीन दुखणी मात्र तीन वेगळ्या जागची होती, आणि त्यांतल्या दोन जागा तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या बाहेर होत्या. म्हणून पहिलं काम हे करा. त्रास एकाच मशीनला आहे की सगळ्यांना, दिवसभर आहे की ठरावीक वेळी, मशीन हळू चालतं की थांबतं की बंदच पडतं, हे आठवडाभर कागदावर लिहा. या ऑफिसात रिसेप्शनवरच्या ताईंनी मशीन बंद पडलेल्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. पुढचा अर्धा शोध त्या कॅलेंडरनेच लावला.

मध्येच बंद पडणारं वर्कस्टेशन

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. ही नोंद दिसली की बरेच जण "पॉवरचा प्रॉब्लेम" म्हणून लगेच एसएमपीएस (मशीनच्या आतला वीज पुरवणारा डबा) बदलतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. कारण त्यात लिहिलेलं नसतं. तपशिलात बगचेक कोड बघा. तिथे आकडा असेल तर विंडोजने स्वतः कोसळताना खूण ठेवली आहे, ड्रायव्हर किंवा मेमरीकडे जा. शून्य असेल तर विंडोजला नोंद करायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज अचानक तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. जोडीला डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या, हार्डवेअरमधल्या चुकांच्या नोंदी असतील तर संशय प्रोसेसर, रॅम, बोर्ड यांच्यावर घ्यायचा. इथे शून्य होतं आणि डब्ल्यूएचईएची एकही नोंद नव्हती.

मग टेबलाखाली वाकून बघितलं. एक ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस, त्यावर वर्कस्टेशन, दोन मॉनिटर आणि लेझर प्रिंटर.

इथे जरा थांबते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बंद पडण्याच्या तक्रारींत हे कारण सगळ्यांत जास्त वेळा निघतं आणि सगळ्यांत शेवटी तपासलं जातं. ६०० व्हीए हा आकडा वॅटचा नाही. अशा यूपीएसच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात साधारण ३६० वॅट लिहिलेलं असतं. आता प्रोसेसरकडे बघू. इंटेलच्या आय-सेव्हन १३७०० च्या माहितीपत्रकात मूळ पॉवर ६५ वॅट आहे आणि डीलर तोच आकडा सांगतो. त्याच माहितीपत्रकात पुढे कमाल टर्बो पॉवर २१९ वॅट दिलेली आहे. नुसतं ड्रॉइंग चालू असताना चिप ६५ च्या आसपास किंवा त्याखालीच राहते. रेंडर लागला की सगळे कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एकेक युनिटं) एकदम धावतात आणि मदरबोर्डाने मोकळीक दिली असेल तर ती वरच्या आकड्याकडे जाते. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर आणून मोजलं तेव्हा ड्राफ्टिंगला सगळं मिळून १३० वॅटच्या आसपास लागत होते आणि रेंडरला ३९० च्या वर. हे प्रिंटर सोडून.

मग रोज का बंद पडत नव्हतं? लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस मेन्सची वीज असताना ती जवळजवळ तशीच पुढे देतो. भार जास्त असला तरी काही काळ निभावतं. विजेत क्षणभर खळगा आला की तो बॅटरीवर जातो, आणि बॅटरीवर ३९० वॅट त्याला पेलवत नाहीत. त्याच क्षणी तो हात सोडतो. दिवे नीट लुकलुकतही नाहीत, त्यामुळे ऑफिसात कोणाला लाइट गेल्याचं कळत नाही, फक्त हे एक मशीन मरतं. त्यात लेझर प्रिंटर कागद तापवण्यासाठी एकदम काहीशे वॅट खेचतो. कॅलेंडरवरच्या तारखा आणि महापालिकेत सबमिशनचे सेट संध्याकाळी छापल्याच्या तारखा आम्ही शेजारी ठेवल्या. बहुतेक जुळल्या.

ही चाचणी कुणालाही करता येईल. सगळं काम सेव्ह करा, बाकीचे प्रोग्राम बंद करा, एखादा नको असलेला रेंडर चालू करा आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा, मशीनची नाही. मशीन जागच्या जागी बंद पडलं तर दोषी सापडला. सर्व्हरवर मात्र ही चाचणी चालू कामात कधीही करू नका.

उपाय असा केला. प्रिंटर यूपीएसवरून काढून सरळ भिंतीच्या पॉइंटवर दिला. वर्कस्टेशनला मोजलेल्या वॅटच्या दीडपट वॅट देणारा यूपीएस घेतला. विकत घेताना व्हीए विचारू नका, वॅट विचारा. दुसरं म्हणजे बॅटरीवर असताना यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देतो का तेही विचारा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारी सोय) असतो आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर त्यांतले काही बंद पडतात. म्हणजे एसएमपीएस चांगला घेतला म्हणूनच मशीन पडायला लागलं, असंही घडतं. जुन्या यूपीएसच्या बाबतीत आधी बॅटरीचं वय बघा. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड अॅसिड बॅटरी आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत थकते.

यूपीएस निर्दोष निघाला तर पुढचा क्रम असा: एसएमपीएस, तापमान, बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम). ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या खूप वर उडी मारतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उड्या सोसण्याची अट घातली आहे, म्हणून मोठं कार्ड असेल तर त्या मानकाचा एसएमपीएस मागा. "८० प्लस"चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, झटका सोसण्याबद्दल तो काही सांगत नाही. इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि प्रोग्राम कारण नसताना कोसळत असतील तर बायोस अपडेट आज करा. त्या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची हानी थांबते. झिजलेली चिप बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

चाळीस थ्रेड आणि तरी रखडणारं ड्रॉइंग

ड्राफ्ट्समनचं मशीन मॅडमनी हौसेने घेतलं होतं. रीफर्बिश्ड, दोन प्रोसेसरचं वर्कस्टेशन. इंटेलचे सर्व्हरच्या वर्गातले झिऑन ई५-२६५० व्ही३ दोन, म्हणजे वीस कोअर, चाळीस थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), ६४ जीबी रॅम. कागदावर ऑफिसातलं सगळ्यांत तगडं मशीन, आणि प्रत्यक्षात शेजारचा साधा आय-फाइव्ह त्याच्यापुढे धावत होता.

मी त्याला टास्क मॅनेजर उघडून ठेवायला सांगितलं आणि तेच मोठं ड्रॉइंग फिरवायला लावलं. प्रोसेसर ३ टक्के. "बघा ताई, प्रोसेसर तर रिकामाच आहे!" हाच आकडा लोकांना फसवतो. ऑटोकॅडचं रोजचं बरंचसं काम एका वेळी एकाच थ्रेडवर चालतं. चाळीस थ्रेडांपैकी एक थ्रेड पूर्ण भरला तरी टास्क मॅनेजर अडीच टक्केच दाखवणार. सोळा थ्रेडच्या मशीनवर तोच सव्वासहा टक्के दिसेल. म्हणजे एक माणूस घामाघूम झालाय आणि एकोणचाळीस जण बाकावर बसून आहेत. आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर उड्या मारतं, त्यामुळे एकच चौकट कायम भरलेली दिसेलच असं नाही, पण एक-दोन चौकटी उंच आणि बाकी तळाशी, हे चित्र ओळखता येतं.

तो झिऑन २०१४ चा. मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ, कमाल ३. आजचा मधल्या किमतीचा डेस्कटॉप प्रोसेसर साडेचार-पाच गिगाहर्ट्झला जातो आणि दर हर्ट्झमागे कामही जास्त करतो. ड्राफ्टिंगला, रेव्हिटमध्ये मॉडेल हलवायला, टॅलीसारख्या हिशेबाच्या कामाला कोअर कमी पण चपळ हवेत. रेंडर, व्हिडिओ एन्कोडिंग, एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन यांना कोअर जास्त हवेत. जुन्या मशीनचं आणखी एक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाहीत. महाप्यात एका ऑफिसाने असंच मशीन घेऊन ते ड्राफ्टिंगला लावलं होतं. आम्ही ते रात्रीच्या रेंडरला लावलं, तिथे ते आजही चांगलं काम देतं. मशीन वाईट नव्हतं, कामाशी त्याची गाठ चुकीची बांधली होती.

नौपाड्यातही तेच केलं. झिऑन थ्रीडीवाल्या मुलाला दुसरं मशीन म्हणून दिलं.

रॅम किती, आणि कुठल्या खाचेत

पहिल्या वेळी वाढवलेल्या रॅमचा उपयोग का झाला नाही, हे मॅडमना मनापासून जाणून घ्यायचं होतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "कमिटेड"चा, म्हणजे प्रोग्रामनी मागून घेतलेल्या मेमरीचा आकडा बघा. दिवसाच्या सगळ्यांत गर्दीच्या वेळी तो बसवलेल्या रॅमपेक्षा बराच खाली असेल तर रॅम कमी पडत नव्हतीच. त्यांचा २० जीबीच्या वर कधी गेला नव्हता. ३२ चे ६४ करून रिकामी जागा वाढली, एवढंच.

नव्या दोन मशीनमध्ये उलट चूक होती. ३२ जीबीची एकच स्टिक. "पुढे वाढवता येईल" म्हणून डीलरने एक खाच मोकळी ठेवली होती. हेतू चांगला होता. तरी डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते असतात आणि एका स्टिकने एकच उघडतो. डीडीआर५-५६०० ची एक स्टिक सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन मिळून ८९.६. ड्राफ्टिंगला हा फरक फारसा जाणवत नाही. स्ट्रक्चरल अॅनालिसिसमध्ये मोठी समीकरणं सोडवताना सतत मेमरीतून आकडे खेचावे लागतात, तिथे तो जाणवतो. वेगळं कार्ड नसून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालत असेल तर आणखी जाणवतो. सीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये मेमरीचं पान उघडलं की डीडीआर५ मशीनवर चॅनेलसमोर "४ x ३२" दिसायला हवं. "२ x ३२" दिसलं तर अर्धा रस्ता बंद आहे.

दोन स्टिक असूनही तसंच दिसत असेल तर त्या शेजारशेजारच्या खाचांत बसल्या असतील. चार खाचांच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. चारही खाचा भरण्याचा मोह डीडीआर५ मध्ये टाळा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार स्टिक बसवल्या की अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. ६४ हवी असेल तर पहिल्याच दिवशी ३२ च्या दोन घ्या.

जाता जाता एक सांगते. ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात, खाडीच्या दमट हवेत, रॅमचे पाय काळवंडतात. खोडरबराने पुसून मशीन चालू होतं हे खरं आहे आणि मीही करते. महिन्याभरात पुन्हा तेच झालं तर पुसत बसू नका, खाच आणि बोर्ड तपासा आणि मशीन खिडकीपासून हलवा.

दुपारी दीडला सगळं ऑफिस का थांबतं

आता तो सर्व्हर. क्वोटेशनमध्ये सोळा कोअरचा प्रोसेसर आणि १२८ जीबी रॅम होती. जुन्या सर्व्हरचा प्रोसेसर मी दोन तास बघत बसले. ५ टक्क्यांच्या वर गेला नाही. फाइल ठेवणाऱ्या आणि देणाऱ्या सर्व्हरला विचार फार करावा लागत नाही, त्याचं सगळं काम डिस्क आणि केबल करतात. आणि क्वोटेशनमध्ये डिस्कच्या ओळीत जुन्याच डिस्क नव्या मशीनमध्ये घालायच्या होत्या.

आधी केबल. एक १ जीबीची फाइल सर्व्हरवरून प्रत्येक मशीनवर कॉपी करून वेग लिहिला. चार मशीनवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे गिगाबिटला जेवढा मिळायला हवा तेवढा. दोन मशीनवर नेमका ११. हा आकडा पाठ करून ठेवा. ११ दिसला की लिंक १०० मेगाबिटवर आली आहे. गिगाबिटला लॅन केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार क्रिम्पिंगमध्ये सैल राहिली, फर्निचरखाली चेपली गेली, तर नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप दहापट हळू होतं. ठाण्यातल्या लोकांना कोपरीचा पूल रुंद होण्याआधीचे दिवस आठवत असतील. दोन्हीकडे द्रुतगती मार्ग आठ पदरी, आणि रेल्वेवरून जाताना चारच. गाडी कितीही चांगली घ्या, पुलावर सगळे सारखेच उभे. एका मशीनची पॅच कॉर्ड बदलली, वेग लगेच वर आला. दुसऱ्याचा दोष भिंतीतल्या केबलमध्ये निघाला, ती बदलणं पुढे ढकललं. हिशेब बघणाऱ्या काकांचा लॅपटॉप टॅलीचा डेटा वायफायवरून उघडत होता, त्याला तार लावून दिली.

एवढं सुधारूनही दुपारचं अडकणं गेलं नाही. दीड वाजता मी सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडून बसले. प्रोसेसर शांत, डिस्कची रांग मात्र वाढत चालली, आणि एकेका मागणीला उत्तर यायला दीड-दोन सेकंद. निरोगी हार्ड डिस्क १०-२० मिलिसेकंदांत उत्तर देते. शेड्युलर उघडल्यावर दिसलं की बॅकअप रोज दीडला सुरू होतो. लोक जेवायला जातात ती वेळ म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने लावलेला. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅनही तेव्हाच.

बॅकअप रात्री नेला की झालं, असं वाटेल. त्रास निम्मा गेलाही. तरी बॅकअपसारख्या साध्या वाचनाने डिस्क इतक्या गुदमराव्यात, हे मला पटत नव्हतं. सर्व्हर उघडून डिस्कचे मॉडेल नंबर बघितले आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडले. चार-चार टीबीच्या तीन डेस्कटॉप डिस्क, रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा एकत्र मांडणीत), आणि तिन्ही एसएमआर.

एसएमआर म्हणजे काय ते कौलारू घर बघितलेल्याला एका वाक्यात कळेल. डिस्कवरच्या लिहिण्याच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. तसंच मधला एक तुकडा बदलायला डिस्कला पुढच्या पट्ट्यांचा मोठा गठ्ठा पुन्हा लिहावा लागतो. एकट्या बॅकअपच्या डिस्कला हे चालून जातं. रेडमध्ये मात्र घात होतो. रेड ५ मध्ये एक छोटं लिखाण करायला मुळातच चार फेऱ्या लागतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, दोन्ही नव्याने लिहा. साधी ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला अशा ऐंशीएक सुट्या फेऱ्याच करू शकते, कारण पात्याच्या अर्ध्या वळशालाच ४.१७ मिलिसेकंद जातात आणि त्यावर डोकं हलवायचा वेळ. त्यात कौलं उचलायचं काम. एखादी डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली तर ते भरणं दिवसन् दिवस चालतं.

डेस्कटॉप डिस्कचा आणखी एक स्वभाव आहे. खराब सेक्टर लागला की ती तो वाचण्यासाठी बराच वेळ झगडत राहते. रेडसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि कंट्रोलर दुसरीकडून माहिती घेतो. झगडणारी डिस्क कंट्रोलरला मेलेली वाटते आणि तो तिला बाहेर काढतो. "सर्व्हर दर दोन-तीन महिन्यांनी एक डिस्क फेकतो, पुन्हा लावली की चालते" ही तक्रार तुमची असेल तर आधी हे तपासा. डिस्कच्या वेष्टनावर नॅससाठी (नेटवर्कवर फाइल ठेवायच्या पेटीसाठी) असं लिहिलंय म्हणून गाफील राहू नका. नॅस म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं. माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ या खराब सेक्टरच्या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच जातेय. फक्त सी७ वाढत असेल तर आधी साटाची केबल बदला, डिस्क नको.

मग काय घेतलं

मोठ्या प्रोसेसरचं क्वोटेशन परत गेलं. जुनाच सर्व्हर ठेवला. चालू प्रोजेक्टसाठी दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावल्या, वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करायला कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरच्या दर्जाच्या. साध्या एसएसडीमध्ये लिहिलं म्हणून सांगितलेलं काही क्षण तिच्या तात्पुरत्या मेमरीतच असतं आणि लाइट गेली तर ते जातं. जुन्या प्रोजेक्टसाठी दोन सीएमआर हार्ड डिस्क, त्याही मिररमध्ये. रेड ५ काढून टाकला. या आकाराच्या ऑफिसाला त्यातून वाचणारी एका डिस्कची जागा त्या मनस्तापाच्या मोलाची नाही, हे माझं ठाम मत आहे. बॅकअप रात्री दोनला, आणि आठवड्याला एक प्रत मॅडमच्या घरी जाणाऱ्या डिस्कवर. रेड हा बॅकअप नाही. चुकून डिलीट केलेली फाइल मिररच्या दोन्ही बाजूंनी तत्परतेने डिलीट होते. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडली, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः शटडाउन होतो. ती केबल खोक्यातच पडून होती.

पुढे सर्व्हर बदलायची वेळ येईल तेव्हा चार-सहा कोअर पुरतील, मात्र ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखून सुधारणारी) मेमरी घ्यायचीच असं सांगून ठेवलंय. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चुका सुधारायची सोय असते, तिला खरी ईसीसी समजू नका. ती चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर लक्ष ठेवत नाही. ईसीसी घेताना बोर्डाला रजिस्टर्ड लागते की अनबफर्ड हेही लेखी घ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

ड्राफ्टिंगच्या मशीनला सहा-आठ चपळ कोअर, १६ च्या दोन रॅम स्टिक, १ टीबीची टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट ठेवणारी) एनव्हीएमई एसएसडी आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड दिलं. क्यूएलसी (कप्प्यात चार बिट) एसएसडी स्वस्त पडते. तिची चपळ जागा भरली की मोठ्या कॉपीत वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो. थ्रीडीच्या मशीनमध्ये प्रोसेसर तोच ठेवला. रॅमची जोडी पूर्ण केली आणि कॅबिनेट टेबलाखालच्या बंद खणातून बाहेर काढलं. ऑफिसचा एसी सातला बंद होतो आणि रेंडर रात्रभर चालतो. मे महिन्यात त्या खणात प्रोसेसर १०० अंशांना टेकून स्वतःचा वेग खाली आणत होता. बाहेर काढल्यावर त्याच सीनचा रेंडर पाऊण वेळात झाला.

त्याआधी बायोसमध्ये पॉवरची मर्यादा बघून ठेवली. बरेच बोर्ड ती सताड उघडी सोडतात. १५० वॅटच्या आसपास बांधली तर रेंडरचा वेग थोडा कमी होतो, उष्णता मात्र खूप उतरते.

आता त्या ऑफिसात संध्याकाळचं रेंडर बंद पडत नाही, दुपारी कोणी थांबत नाही. एकच मशीन अजून ११ मेगाबाइटवर आहे, ते रिसेप्शनजवळचं. त्याची भिंतीतली केबल पुढे फॉल्स सीलिंगच्या वरून गेली आहे, गणपतीच्या सुट्टीत सीलिंगचा तुकडा उतरवून नवी ओढायची ठरलंय. तोवर तिथे फक्त पत्रव्यवहाराचं काम ठेवलंय.